पांढरे खांब

शिमग्याला चार दिवस राहिले असताना अक्षता डोर्लेकर नववीच्या वर्गाला घेऊन पाटसईच्या खाडीवर उतरली. धडा विद्युत अपघटनाचा चालू होता. आदल्या दिवशी वर्गात तिनं मोरचुदाच्या निळ्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या सोडून बॅटरीला जोडल्या होत्या, आणि तासाभरानं मुलांकडून त्या धुऊन, वाळवून तोलून घेतल्या होत्या. धन टोकाची पट्टी जेवढी हलकी झाली, जवळपास तेवढीच ऋण टोकाची जड झाली. धनाग्राचं तांबं इलेक्ट्रॉन मागे टाकून आयन होतं आणि पाण्यात उतरतं. ऋणाग्रावर त्याला इलेक्ट्रॉन परत मिळाले की ते पुन्हा धातू होऊन बसतं. एकाची झीज, दुसऱ्याची भर. सोळा वर्षं शिकवून हा धडा तिला पाढ्यासारखा पाठ झाला होता.

आज तिला एवढंच दाखवायचं होतं, की खाडीच्या खाऱ्या पाण्यातही आयन असतात आणि त्यातूनही वीज वाहते. सहा मीटरचा बांबू, त्याच्या दोन टोकांना एकाच पुड्यातले दोन नवे खिळे, खिळ्यांना तारा, तारांच्या मध्ये मीटर. आधी बॅटरी न जोडता आकडा घ्यायचा, मग जोडून, ही तिची शिस्त. मुलांनी बांबू पाण्यात आडवा धरला. बॅटरी अजून पिशवीतच होती, आणि मीटर दोनशे अठ्ठावन्न मिलिव्होल्ट दाखवत होता.

तिला वाटलं, एखादा खिळा खराब असेल. तिनं खिळ्यांची अदलाबदल केली. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. दोष खिळ्यात असता तर त्याच्याबरोबर मीटरवरचं चिन्हही उलटलं असतं. ते उलटलं नाही. मग तिनं बांबू हळूहळू फिरवायला सांगितला. तो खाडीपलीकडच्या वेळकोंडच्या दिशेला वळला की आकडा वाढे, दुसरीकडे वळला की उतरे. म्हणजे वीज खिळ्यांत नव्हती, पाण्यातच होती, आणि ती वेळकोंडकडे चालली होती.

मुलं वाट बघत होती. अक्षतानं मीटर बिघडलाय असं सांगितलं आणि वर्ग परत नेला. सोळा वर्षांत वर्गाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

वेळकोंड तिचं माहेर. खाडीच्या मुखाशी, समुद्राला छाती लावून बसलेलं कोळ्यांचं गाव. गेल्या वीस वर्षांत समुद्र वर चढत त्या गावच्या दोन आळ्या गिळून बसला होता. दगडी बंधारे बांधून झाले, दर पावसाळ्यात ते वाहून गेले. मग सहा वर्षांपूर्वी ती भिंत आली. भिंत बांधायची नाही, वाढवायची. समुद्रात लोखंडी जाळी उभी करायची आणि तिला विजेचं ऋण टोक जोडायचं. जाळीपाशी पाण्याचे रेणू फुटतात. हायड्रोजन बुडबुड्यांनी निघून जातो, हायड्रॉक्साइड आयन मागे राहतात. तिथलं पाणी अल्कधर्मी झालं, की समुद्रात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दगड होऊन जाळीवर बसतं. वर्षाला चार बोटं. लाटेनं कुठे तडा गेला, तर वीज चालू असेपर्यंत तो आपोआप भरून येतो. वीज डोंगरावरच्या सौरपट्ट्यांची, देखरेख गावच्या तट समितीची. समितीचे अध्यक्ष हरेश्वर तांडेल, अक्षताचे वडील, ज्यांना दोन्ही गावं आबा म्हणत. वीजघर तिचा धाकटा भाऊ रुपेश सांभाळी.

पण विजेला दोन टोकं असतात. धन टोकाच्या पत्र्यावर क्लोरीन सुटतो. पहिली तीन वर्षं तो पत्रा भिंतीजवळच होता. तेव्हा बायकांचे डोळे चुरचुरत आणि खेकडे मरून किनाऱ्याला लागत. पत्रा लांब, वाहत्या पाण्यात न्यावा असं ठरलं. जागा पाटसईच्या बाजूची, पुलाच्या थोडी वरची, खोल डोहातली. ओहोटी लागली की तिथलं पाणी धावत सुटतं, क्लोरीन साचत नाही. ती जागा अक्षतानं सुचवली होती. नकाशावर बोट ठेवून.

संध्याकाळी ती स्कूटरवरून माहेरी निघाली आणि पुलावर थांबली. दोन गावांना जोडणारा तो लोखंडी पूल वीस वर्षांचा, अठरा खांबांचा. पाटसईकडचे आठ खांब पाण्यापर्यंत पांढरेशुभ्र होते. गेली दोन-तीन वर्षं त्यांच्यावर भिंतीसारखाच दगड चढत होता. लोक म्हणत, वेळकोंडच्या भिंतीची कृपा पुलालाही लागली. डिसेंबरात सरकारी पूलविभागाच्या पाण्यातल्या ड्रोननं तपासणी केली तेव्हा त्याच्या प्रणालीला गंज कुठेच सापडला नाही आणि पुलाला हिरवा शेरा मिळाला. त्या दिवशी अक्षताही खूश झाली होती.

आता ती कठड्यावरून वाकून बघत होती. मधल्या खांबांपासून पांढरा रंग विरत जात होता. वेळकोंडकडच्या खांबांवर नुसती कालवं आणि शेवाळ. दगड ऋणाग्रावर बसतो. म्हणजे पांढऱ्या खांबांतून वीज पुलात शिरत होती. पाण्यातून वाट काढण्यापेक्षा विजेला पुलाचं लोखंड सोपं, म्हणून ती पाटसईकडून आत शिरून पुलावरून चालत जात होती. आणि आत शिरलेली वीज कुठून तरी बाहेर पडणारच. जिथून ती बाहेर पडते, तिथलं लोखंड म्हणजे धनाग्र. तिथे गंजाचे पापुद्रे दिसणार नव्हते, कारण लोखंड जागेवर राहतच नव्हतं; ते आयन होऊन कालवांच्या आड पाण्यात निघून जात होतं.

तिनं हिशेब तोंडीच केला. एक अँपिअर वीज वर्षभर लोखंडातून पाण्यात उतरली की नऊ किलो लोखंड विरघळतं. भिंतीला चारशे अँपिअर लागतात. त्यातला दहावा हिस्सा जरी पुलावरून जात असला, तर तीन वर्षांत अकराशे किलो.

पौर्णिमेला दुपारी चार वाजता पाटसईची जाखमाता याच पुलावरून वेळकोंडला बहिणीच्या भेटीला जायची होती. पालखीबरोबर चारशे माणसं, आणि पुलाच्या मधोमध ती नाचवायची प्रथा.

रुपेशला तिनं वीजघरात गाठलं. खात्री करायचा एकच मार्ग होता: भिंतीची वीज दहा मिनिटं बंद करायची आणि खाडीतला आकडा बघायचा. रुपेशनं आधी आढेवेढे घेतले, आबांना विचारायला हवं म्हणाला, पण ताईचा चेहरा बघून तयार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांबू घेऊन एकटीच पाण्यात उभी राहिली आणि रुपेशनं फोनवर मोजून खटका खाली ओढला. दोनशे साठवरचा आकडा पापणी लवते न लवते तोच चारवर आला. दहा मिनिटांनी खटका वर गेला, आकडाही वर गेला.

फोनवर रुपेशनं दोन्ही आकडे पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाला, "ताई, हे आबांना तूच सांग."

आबा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. अडुसष्टाव्या वर्षीही त्यांचे हात थांबत नसत. भिंत उत्तरेकडून वाढवत आणली होती आणि त्यांचं घर दक्षिणेच्या अगदी टोकाला. त्यांच्या अंगणापर्यंत यायला अजून दीडशे फूट बाकी होते. सुरुवात अध्यक्षाच्या दारापासून केली असती तर गाव बोललं असतं, म्हणून त्यांनीच उलट्या टोकापासून आखणी करून घेतली होती. समुद्र परसातल्या माडांपर्यंत आला होता.

अक्षतानं सगळं सांगितलं. आबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी इतकंच विचारलं, की हे बाहेर कळलं तर भिंतीचं काय होईल. ती म्हणाली, चौकशी होईपर्यंत वीज बंद ठेवतील. वीज बंद झाली की भिंतीची वाढ थांबणार, तडे भरणार नाहीत, हे त्यांना तिनं सांगायची गरज नव्हती. पावसाळा तीन महिन्यांवर होता.

"शिमगा होऊन जाऊ दे," आबा म्हणाले. "मग आपण गुपचूप पत्रा हलवू. रुपेश आणि मी. कुणाला कळणारही नाही."

ती म्हणाली, पत्रा हलवून खाल्लेलं लोखंड परत येत नाही.

आबांनी जाळं खाली ठेवलं. "पत्र्याची जागा कुणी सुचवली होती, ते कागदावर आहे गो. चौकशीला आले की पहिल्यांदा तोच कागद काढतील. सरकारी शाळेत नोकरी तुझी."

ते धमकावत नव्हते. तिला वाचवायला बघत होते, आणि तेच तिला सोसवेना. ती चहा न घेता उठली.

तालुक्याच्या पूलविभागात एक अधिकारी बाई होत्या. अक्षतानं त्यांना आकडे पाठवले, फोटो पाठवले. बाईंनी फोनवर सगळं नीट ऐकून घेतलं. पण प्रणालीत पुलाला हिरवा शेरा होता, आणि हिरव्या शेऱ्याचा पूल एका शिक्षिकेच्या बांबूवरून सणाच्या तोंडावर बंद करायचा अधिकार आपल्याला नाही, असं त्यांनी सांगितलं. फेरतपासणी शिमग्यानंतर लावता येईल. खांब खाल्लेला प्रत्यक्ष दिसला तर गोष्ट वेगळी.

घरी तिचा नवरा सुयोग पालखीच्या दांड्याला गोंडे बांधत होता. तो खाडीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करी आणि डोर्लेकरांकडे पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान होता. अक्षताचं बोलणं ऐकून आधी तो हसला, मग चिडला. गावात आधीच कुजबुज होती, की भिंत झाल्यापासून वेळकोंडवाल्यांना शिंगं फुटलीत, पालखीला पहिल्यासारखं सामोरं यायला नको त्यांना. त्यात आता वेळकोंडची लेक म्हणणार, पुलावरून येऊ नका. तो म्हणाला, पुरावा नसताना हे बोललीस तर या गावात तुला कुणी उभं करणार नाही.

"आणि पालखीच्या वाटेत उभी राहिलीस," तो हळू आवाजात म्हणाला, "तर मी काय करायचं, ते पण आत्ताच सांगून ठेव."

त्या रात्रीपासून सुयोग प्रथेप्रमाणे देवळाच्या सहाणेवर, पालखी बसवायच्या ओट्यावर, झोपायला गेला. पालखी परत देवळात बसेपर्यंत खांदेकऱ्यांनी घरी यायचं नाही, फोन जवळ ठेवायचा नाही, असा नेम होता.

पौर्णिमेची ओहोटी सगळ्यांत खोल उतरते. सकाळी साडेसहाला पाणी इतकं खाली जातं, की पुलाचे खांब एरवीपेक्षा पुरुषभर जास्त उघडे पडतात. अक्षतानं शेजारच्यांची लहान होडी मागून घेतली, हातोडा घेतला आणि उजाडता उजाडता पुलाखाली वल्हवत गेली. तिला वल्हवता येत होतं, पण वीस वर्षांत तिनं वल्ह्याला हात लावला नव्हता. तळवे सोलून निघाले.

पाटसईकडून मोजता तेराव्या खांबाशी आधीच एक होडी बांधलेली होती. होडीत आबा उभे होते. हातात लोखंडी सळई. खांबावरची कालवं खरवडून त्यांनी दोन हातांची जागा मोकळी केली होती. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "बारावा बरा आहे. ह्याचा आवाज ऐक."

त्यांनी सळई आपटली. भरल्या लोखंडाचा टणत्कार नव्हता तो. पत्र्याच्या डब्यावर मारावं तसा आवाज आला. अक्षतानं होडी जवळ घेतली आणि चिखलाच्या पातळीपासून वीतभर वर, जिथे रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं, तिथे हातोडा घातला. दुसऱ्या घावाला हातोडा आत गेला. खांबाच्या पोटातून काळं पाणी भसकन बाहेर आलं. भोकाच्या कडेचा तुकडा तिच्या हातात निघाला. एका बाजूला बोटाएवढा जाड, दुसऱ्या बाजूला पापडाएवढा पातळ. आणि पातळ बाजू चकचकीत होती, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखी.

चौदावा तसाच निघाला. पंधराव्याला आबांनी सळई नुसती टेकवून जोर दिला आणि ती आरपार गेली.

आबा होडीच्या फळीवर बसले. डोक्यावरून एक मोटारसायकल गेली आणि पूल थरथरला; रोज थरथरायचा तसाच. ते वर बघत राहिले. अक्षतानं व्हिडिओ काढला, खांबांचे आकडे मोठ्यानं बोलली, तालुक्याला पाठवला.

"चारला निघणार ना पालखी?" आबांनी विचारलं.

"चारला."

"तू तुझ्या गावाला थांबव. माझ्या गावाचं मी बघतो." त्यांनी दोर सोडला. थोडं पुढे गेल्यावर वल्हं थांबवून म्हणाले, "आधी वीज बंद करतो."

दहाच मिनिटांत अधिकारी बाईंचा फोन आला. आवाज बदललेला होता. पूल बंद करायचा आदेश काढतेय म्हणाल्या, पण शिमग्याचा बंदोबस्त तालुकाभर पसरलेला. पोलीस पाचच्या आत पोचणं कठीण. तोवर गावानंच माणसांना थांबवावं. अक्षतानं शाळेतल्या दोन शिक्षकांना सांगून पाटसईच्या टोकाला बाक आडवे लावून घेतले आणि तुकडा रुमालात गुंडाळून देवळाकडे निघाली.

देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, गुलाल, मुंबईहून आलेली माणसं. मुख्य मानकरी, ज्यांना सगळे गावकर म्हणत, सहाणेवर बसले होते. त्यांनी व्हिडिओ बघितला, तुकडा बघितला, आणि तो परत तिच्या हातात दिला. बाजूचे लोक बोलू लागले. कुणी म्हणालं, असा तुकडा भंगारात कुठेही मिळतो. कुणी म्हणालं, काल ट्रक गेला या पुलावरून. एकजण म्हणाला, बाई माहेरची आज्ञा पाळतेय. गावकरांनी शेवटी निवाडा दिला, की सरकारचा माणूस येऊन सांगेल तेव्हा पूल बंद. उठलेली पालखी मागे फिरत नाही आणि जमिनीवर टेकत नाही. सुयोग आतल्या बाजूला, पालखीपाशी होता. तिला त्याच्यापर्यंत पोचू दिलं नाही.

उन्हं कलली तशी पालखी तासभर आधीच उठली. तीनच वाजले होते. अक्षताला ढोलांच्या आवाजावरून कळलं आणि ती आडवाटेनं धावत पुलावर आली. बाक कुणीतरी बाजूला करून ठेवले होते. दुपारच्या उधाणाचं पाणी आता परतीला लागलं होतं आणि खांबांना भोवरे पाडत समुद्राकडे ओढत होतं.

ती पुलाच्या तोंडाशी, मधोमध उभी राहिली. पालखी वळणावरून आली. पुढच्या दांड्याला डावीकडे सुयोग, अंगभर गुलाल, डोळे लाल. त्याच्यामागे रस्ता दिसत नव्हता, नुसती माणसं. ढोलवाल्यांनी तिला बघितलं आणि ते दोन बाजूंना फाकले. कुणीतरी ओरडलं, बाजूला हो. ती हलली नाही. दांडा तिच्या छातीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

सुयोग तिच्याकडे बघत राहिला. तिनं रुमाल सोडला आणि तुकडा त्याच्या मोकळ्या हातावर ठेवला.

इंजिनं उघडून बसायचं त्याचं आयुष्य. लोखंड त्याच्या हाताला कळायचं. त्यानं अंगठा जाड बाजूवरून पातळ बाजूकडे नेला, चकचकीत भागावर थांबवला, कडेला नख लावलं. कड पिठासारखी सुटली. हा भंगारातला तुकडा नव्हता, हे सांगायला त्याला माणूस लागत नव्हता.

"किती खांब?" त्यानं विचारलं.

"तीन बघितले. पंधराव्यात सळई आरपार गेली."

मागून रेटा येत होता. मागचे खांदेकरी पुढे ढकलत होते. काय झालंय ते त्यांना दिसत नव्हतं. सुयोगनं टाच रोवली. दांडा त्याच्या खांद्यात रुतला, पण तो मागे वळून शांतपणे म्हणाला, "मी पुलावर पाय ठेवणार नाही. ज्याला जायचं त्यानं माझा खांदा घ्यावा."

खांदा घ्यायला कुणी पुढे आलं नाही. मान डोर्लेकरांचा होता, आणि डोर्लेकर नाही म्हणत असताना तो घेणं कुणाला धजेना. ढोल एकेक करून थांबले. पालखी ना पुढे जाऊ शकत होती, ना मागे, ना खाली टेकू शकत होती. उन्हात चारशे माणसं उभी. गावकर गर्दीतून वाट काढत पुढे येत होते आणि त्यांचा चेहरा रागानं काळा पडला होता. अक्षताच्या मनात आलं, हे अजून दहा मिनिटं टिकणार नाही. मागचे रेटतील, आणि मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही.

तेवढ्यात कठड्याजवळची पोरं खाडीकडे बोट दाखवू लागली. वेळकोंडकडून होड्या येत होत्या. एक नाही, वीस-बावीस. प्रत्येकीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, नारळाची झावळी आणि भगवं निशाण, आणि सगळ्यांत पुढे सुकाणूवर आबा. ओहोटीची ओढ कापत ती रांग तिरकी तिरकी पाटसईच्या धक्क्याला लागली.

आबा धक्क्यावर उतरले आणि गावकरांसमोर हात जोडून उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पूल नव्हता तेव्हा जाखमाता होडीतून यायची. त्यांच्या बापानं ती होडी वल्हवली होती. आज ते आईला तशीच न्यायला आले होते. आणि पूल खराब झालाय तो वेळकोंडच्या भिंतीच्या विजेनं. धन टोकाचा पत्रा या बाजूला आणायच्या ठरावावर अध्यक्ष म्हणून त्यांची सही होती. सकाळीच त्यांनी भिंतीची वीज स्वतःच्या हातानं बंद केली होती.

इतकं बोलून ते थांबले. आणखी काही त्यांना बोलायचं नव्हतं, हे अक्षताच्या लक्षात आलं. तिचं नाव न घेताच ते प्रकरण मिटवणार होते.

"जागा मी सुचवली होती," ती म्हणाली. "नकाशावर मी बोट ठेवलं. क्लोरीनचा विचार केला, पुलाचा केला नाही."

गावकरांनी होड्यांकडे आणि पुलाकडे एकदा बघितलं. मग त्यांनी पालखीपुढे गाऱ्हाणं घातलं, आईला सांगितलं की वाट बदलतेय, राग धरू नकोस, आणि सुयोगनं पालखी धक्क्याकडे वळवली. खांद्यावरून ती थेट आबांच्या होडीत गेली. कुठेही टेकली नाही.

त्या दिवशी पूल पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यामुळे पाटसईत काही लोक आठवडाभर म्हणत राहिले, की बाईनं उगाच सण नासवला. मग पाणबुडे आले. वेळकोंडकडच्या सहा खांबांत धड लोखंड उरलं नव्हतं. पूल उतरवायला क्रेन लावली तेव्हा पंधराव्या खांबावरचा पुलाचा गाळा दोर ताणताच खाडीत बसला. धक्क्यावर उभी असलेली माणसं तो आवाज ऐकून मुकाट्यानं घरी गेली.

चौकशी झाली. कागद निघाला. अक्षताची एक वेतनवाढ रोखली आणि कडक शब्दांचं पत्र आलं. नोकरी राहिली, कारण चूक दाखवणाराही तोच हात होता. नवा पूल होईल तेव्हा त्याचे खांब तांब्याच्या तारेनं भिंतीच्या ऋण टोकालाच जोडायचे, म्हणजे दोघांपैकी कुणीच झिजणार नाही, असं तज्ज्ञांनी लिहून दिलं. तोवर दोन वर्षं होडी. अक्षता रोज शाळा सुटल्यावर त्या रिकाम्या खाडीकडे बघे आणि तिला बरं वाटे, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटे. कारण चौकशी संपेपर्यंत भिंतीची वीज सत्तर दिवस बंद होती. पत्रा परत भिंतीजवळ आला तो कमी विजेवर. जून उजाडला तेव्हा दक्षिणेचे दीडशे फूट तसेच उघडे होते. भिंतीच्या आडची ऐंशी घरं सुखरूप राहिली. उघड्या टोकाला तीन घरं होती.

जुलैच्या अमावास्येच्या उधाणात आबांच्या घराची मागची भिंत गेली, मग स्वयंपाकघर. रुपेशला वीजघराशेजारची खोली मिळाली. त्याच्या बायकोमुलांसह तिथे पाय पसरायला जागा नव्हती. खाडी थोडी निवळली त्या दुपारी आबा होडीनं पाटसईला आले. बरोबर एक ट्रंक आणि जाळं. सुयोगनं धक्क्यावरून ट्रंक उचलून आणली आणि आतल्या खोलीत ठेवली.

आबा ओटीवर बसले. लेकीच्या सासरी अन्न घ्यायचं नाही, हा त्यांच्या घरातला जुना नेम. सोळा वर्षांत ते इथे शंभरदा आले असतील, पाण्याच्या तांब्याखेरीज कशालाही शिवले नव्हते. अक्षतानं नेहमीसारखा तांब्या आणून समोर ठेवला आणि आत जाऊन उगाच भांडी लावत राहिली. तिला रडायचं नव्हतं.

थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारात सावली पडली. आबा हात धुऊन आले होते. त्यांनी भिंतीला टेकवलेला पाट स्वतःच उचलला, चुलीसमोर मांडला आणि त्यावर बसले.

"वाढ गो," ते म्हणाले. "भूक लागलीय."